रेलीनचा ठोका

रेलीनने पिशवीतून मेट्रोनोम काढला, त्याची चावी पूर्ण पिळली आणि टकटक करत लय मोजणारं ते लाकडी यंत्र ड्रमच्या पायाशी ठेवलं. पुढे द्राक्षमळ्याच्या उतारावर चार हजार माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. कोणाच्या मांडीवर चीजची ताटली, कोणाच्या मांडीवर नातू. त्यांचा बँड, फ्लायवायर्स, सत्तावीस वर्षांनी पुन्हा पहिल्या संचात वाजवणार होता.

गिटारच्या तारा लावता लावता बँडचा म्होरक्या ग्रँट मागे आला आणि थबकला.

"अगं, हा अजून आहे तुझ्याकडे?"

"तूच दिलेला. दिलेली वस्तू टाकू नये."

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी सिडनीच्या स्टुडिओत ग्रँटने सगळ्यांदेखत तो तिच्या हातात ठेवला होता. "वेळेवर यायला शीक, बाई. तुझ्यापायी सगळे मागे पडतात." त्याच दिवशी तिच्या जागी दुसरा ड्रमर आला. तो घड्याळासारखा वाजवायचा, आणि त्याच्याबरोबर केलेल्या दोन्ही रेकॉर्ड दुकानांत धूळ खात पडल्या. लोकांना हवं होतं पहिल्या रेकॉर्डवरचं 'पाण्याची टाकी' हे गाणं. त्यात ग्रँटची करकरणारी गिटार पुढे धावायची आणि रेलीनचा ठोका, सगळ्यांना पुढे सोडून कुरणाचं फाटक लावून येणाऱ्या माणसासारखा, किंचित मागून यायचा. त्या गाण्याचा जीव तेवढ्यातच होता. ग्रँटला हे कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यावरही त्याने ते कधी कबूल केलं नाही.

रेलीन नाउरा गावात शाळेची बस चालवत राहिली. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये त्या टकटकीसमोर बसत राहिली. मनात एकच होतं. त्याचं गाणं त्याला हवं होतं तसं, चोख वाजवायचं आणि चारचौघांत ते मेलेलं त्याला बघायला लावायचं. तालमीत तिने ते गाणं घेऊच दिलं नाही. "तेवढं झोपेतही वाजेल," म्हणाली. बाकीची गाणी पळती होती, त्यांत तिचा ठोका आता मागे पडत नाही हे कोणाला जाणवलं नाही.

शेवटी ते गाणं आलं. उतारावरची माणसं गुडघ्यांवर हात टेकत उठली. ग्रँटने पहिले सूर छेडले. रेलीनने ठोका दिला, अगदी वेळेवर.

गाणं तिथेच मेलं. सूर बरोबर होते, शब्द बरोबर होते, आणि सुपरमार्केटात वाजतं तसं काहीतरी वाजत होतं. माणसं जुन्या सवयीने रेंगाळत गात होती. रेलीन त्यांच्यासाठी थांबली नाही. ग्रँट एका ओळीला लोकांबरोबर जाई, दुसऱ्या ओळीला तिच्याबरोबर, आणि कुठेच धड पोचत नव्हता. त्याच्या मानेवरचा घाम तिला दिसत होता. स्वतःची लाज वाटावी इतकं तिला बरं वाटलं.

दुसऱ्या कडव्याआधी तो वाजवतच तिच्याजवळ आला.

"जरा मागून ये ना. पूर्वीसारखी."

तिने ड्रमची काठी माईककडे रोखली.

"तिथून सांग."

त्याने माईककडे पाहिलं. मग पुढे गेला आणि गिटारवर हात ठेवून त्याने सगळं थांबवलं.

"ऐका. हिचा ठोका मागे पडतो म्हणून मी हिला हाकललं होतं. गाढव होतो मी. हे गाणं उभं होतं ते हिच्या जिवावर." तो वळला. "ये गं बाई, मागून ये."

उतार गरजला. अशा वेळी काठ्या खाली ठेवून सरळ निघून जायचं, असं तिने हजारदा ठरवलं होतं. पण काठ्या तिच्या हातातच राहिल्या. राग उरलाच नव्हता. तिला आता फक्त ते गाणं हवं होतं, तिचं स्वतःचं.

"घे," ती म्हणाली.

गिटार सुरू झाली. रेलीनने हात उचलला आणि ठोका चोख वेळेवर पडला. तिने मनगट आवरून धरलं. पुढचा ठोका इतका उशिरा आला की ग्रँट अडखळला. त्याच्या पुढचा पुन्हा चोख. तिने डोळे मिटले, श्वास सोडला, फाटकाची कडी लावेपर्यंत थांबायचं असं मनाशी म्हटलं. ठोका कडीआधीच पडला.

ग्रँट मान वळवून हसला.

"पुरे की आता! उगवलास ना सूड?"

रेलीनही हसली. आपण हे मुद्दाम करतोय असं त्याला वाटतंय तर वाटू दे, तेवढंच बरं. पायाशी मेट्रोनोमची चावी उतरून काटा केव्हाच थांबला होता. तिचे हात मात्र तसेच वेळेवर पडत राहिले.