कानबाईची माती

गावाशेजारून रेल्वेची लाइन टेकडी कापून गेली आहे. त्या कापलेल्या टेकडीच्या पायथ्याची पिवळी माती लोण्यासारखी मऊ. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसायच्या आधी बाया तिथूनच टोपल्या भरून आणायच्या आणि भिंती सारवायच्या. कामिनीला या प्रकाराची भयंकर चीड होती. तिचा नवरा हेमकांत गँगमन. पावसाळ्यात त्याच टेकडीखालून रूळ तपासत फिरायचा. त्याने घरोघर जाऊन सांगितलं होतं, वरून पाणी मुरतंय, निदान पायथा तरी पोखरू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

यंदा झड उघडायचं नाव घेईना. तशातच सासू, रुक्मिणीबाई, भरली टोपली घेऊन घरात शिरली.

"आत्याबाई, तुम्हीबी? तुम्हना पोऱ्या तठेच फिरस ना!"

"एक टोपली लयनी म्हनीसन टेकडी पडस का? कानबाईले मयक्या भिंतीसमोर बसाडू का?"

कामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. एक टोपली म्हणे! अख्ख्या गावाची एक-एकच टोपली! सासूने मात्र तासाभरात देवाची भिंत सारवून टाकली.

दुपारी टेकडी खचली. हेमकांत कमरेपर्यंत चिखलात रुतला. तशातही लाल निशाण हलवत राहिला, म्हणून गाडी अलीकडेच थांबली. लोकांनी त्याला उपसून काढलं तेव्हा त्याचा पाय मोडला होता. कामिनी नखांनी माती उकरत होती आणि गावाला शिव्या देत होती.

सणाच्या आदल्या दिवशी त्याला नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आणलं. शेजारची जसोदाबाई टोपली घेऊन दारात हजर.

"कानबाईनी राखं तुन्हा धनीले. ही ले माती. आते खनानीबी गरज नही, ढीग पडेल शे."

कामिनीने टोपली हिसकावून अंगणात पालथी केली.

"कानबाईनी राखं ना? मंग खनं कोनी?"

जसोदाबाई तणतणत निघून गेली. कामिनी खुरपं घेऊन आत आली आणि देवाची पिवळी भिंत खरवडू लागली.

"वरीसना सन शे, पोरी," सासू पुटपुटली. कामिनीचा हात थांबला नाही. शेवटी रुक्मिणीबाईनेच पडलेली माती टोपलीत गोळा केली.

"आते ही कोठे टाकू?"

"तुम्हना पोऱ्याले इचारा."

रुक्मिणीबाईने खाटेवरच्या लेकाकडे पाहिलं. टोपली तिच्या हातातच राहिली.