भाऊजींनी नवंकोरं केलेलं घड्याळ

लिलावघरात जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्या बाईंच्या टेबलावर त्यांच्याच दिराने चादरीत गुंडाळलेलं घड्याळ ठेवलं आणि मग वर पाहिलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"वहिनी? तुम्ही इथे?"

"बसा, भाऊजी."

नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा बाईंनी हेच घड्याळ विकायला काढलं होतं. जुनं अमेरिकन, फळीवर ठेवायचं, सासऱ्यांनी थोरल्या मुलाला दिलेलं. "बाबांची आठवण बाजारात मांडायला लाज नाही वाटत?" असं चार माणसांत सुनावून दिराने ते उचलून नेलं. पैशांअभावी ऑपरेशन लांबणीवर पडत गेलं आणि नवरा गेला. पुढे पोटासाठी इथे लागल्या, हे काम शिकल्या. पण ते बोलणं काळजात सलत राहिलं.

आता तीच आठवण घेऊन तो स्वतः बाजारात आला होता.

बाईंनी सावकाश भिंग पुसलं. घड्याळाचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं.

"चकाचक करून घेतलंय बरं का," दीर म्हणाला. "पॉलिश, नवी तबकडी, सगळं."

"दिसतंय. खालच्या काचेवर रंगवलेलं चित्र होतं, ते?"

"पोपडे निघाले होते. आरसा बसवला."

"आत बनवणाऱ्याचा छापील कागद चिकटवलेला होता."

"खरवडून टाकला. फार कळकट दिसायचा."

"आणि पितळी यंत्र?"

"भंगारात! आता सेलवर चालतं."

बाईंना आतल्या आत उकळ्या फुटल्या. एवढी देखणी वस्तू वाया गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. शेजारच्या टेबलांवरची गिऱ्हाइकं वळून बघतील इतका त्यांनी मुद्दाम आवाज चढवला.

"भाऊजी, हा आता नुसता खोका आहे. लिलावात कोणी हातही लावणार नाही."

"असं कसं? आणि होतं तसंच ठेवलं असतं तर?"

"तर तुमच्या भावाचं ऑपरेशन होऊन वर तुम्हालाही पुरलं असतं."

दीर मान खाली घालून चादर गुंडाळू लागला. गाठ काही केल्या बसेना.

"वहिनी, फार अडचणीत आहे हो. आपल्या माणसासाठी काहीतरी बरी किंमत सांगा ना."

"आपलं माणूस?" बाई हसल्या. "ते कधीच गेलं."

घड्याळ कवटाळून तो निघाला. दारातून बाहेर पडेपर्यंत बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या, अगदी डोळे भरून. दुपारी त्या पोटभर जेवल्या. आता मन खाईल, मग खाईल, म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. तसं काही झालं नाही.