पुठ्ठ्यामागचा पंखा

स्वयंपाकघराच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, एक गोल भोक आहे. त्यावर पुठ्ठा चिकटवलाय. त्या पुठ्ठ्यामागून मी बोलतोय, या घरचा एक्झॉस्ट फॅन. आवाज दबका वाटला तर माफ करा, चिकटपट्टी सढळ हाताने लावलीय.

मला इथे बसवलं ते घरधन्याने स्वतः. गृहस्थ इलेक्ट्रिशियन आहेत. लोकांच्या घरी पंखे बसवतात आणि वर फोनवरून ज्ञान पाजळतात, "ताई, गॅस पेटवायच्या आधी पंख्याचं बटण दाबायचं. धूर छातीत जातो, लहान मुलं आहेत घरात!"

आणि स्वतःच्या घरी? तीन महिने मी इमानेइतबारे राबलो. मग माझी घरघर साहेबांच्या टीव्हीच्या आड येऊ लागली. वायर काढली. पुढे बबडीला, त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीला, खोकला लागला, तेव्हा बाहेरची धूळ येते म्हणून भोकही बुजवलं. खिडक्या लावून घेतल्या. वा रे हुशारी! तळणाचा धूर, डासांच्या कॉइलचा धूर, सुवासिक फवारा, न्हाणीघरात लपून ओढलेली सिगारेट, सगळी मंडळी घरातच मुक्कामाला राहिली. छत काळं पडलं तेव्हा मात्र लगेच रंगारी बोलावला.

दोन आठवड्यांपूर्वी बबडीला धाप लागली. बोलताना शब्दाशब्दाला थांबायला लागली. डॉक्टरीणबाईंकडून परत आल्यावर आईने कधी नव्हे तो आवाज चढवला.

"ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या? घरातली हवा खेळती ठेवा. आधी तो पुठ्ठा काढा."

"अगं, गॅसवर तर शिजवतो आपण. धूर कुठून आला?"

"मग लोकांना कशाला सांगत फिरता?"

"तो धंदा आहे."

धंदा म्हणे! माझ्या पात्यांवर बोटभर चिकटा बसलाय, पण किळस मला त्या उत्तराची आली.

तरी बायकोच्या धाकाने साहेब स्टुलावर चढले. पुठ्ठा सोलला, वायर जोडली, बटण दाबलं. मी जागचा हललो नाही, चिकट्याने पार जाम झालो होतो. "उद्या नवा बसवतो," असं म्हणून त्यांनी पुठ्ठा पुन्हा चिकटवला. या गोष्टीला बारा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत परक्यांच्या घरी चार नवे पंखे लागले.

आज सकाळी बबडी आईच्या मांडीवर वाफेचं औषध घेत होती. तोंडावरचा मास्क बाजूला करून तिने विचारलं, "बाबा, तू सगळ्यांकडे... पंखा लावायला जातोस. आपल्याकडे... कधी येणार?"

साहेबांनी पिशवी उचलली आणि कामाला निघून गेले.

अरे शहाण्या, नवा पंखा नको आणूस. मला उपटून भंगारात घाल, मी हूं की चूं करणार नाही. पण जाताना ते भोक तेवढं उघडं ठेव. त्याला वायर लागत नाही आणि तुझ्या टीव्हीच्या आड येईल असा त्याचा आवाजही होत नाही.