दसऱ्याची परदेशी बोहनी

सर्वेशचं वाटोळं होऊ दे, असं प्राप्ती नाखवा रोज दिवा लावताना मोठ्याने म्हणायची. सासू आवडाबाई टोकायच्या, "अगं, देवाकडे काय तरी चांगलं माग."

"चांगलंच मागते," प्राप्ती म्हणायची.

वर्तकनगरात तिच्या नवऱ्याचं, जयेशचं, एअर रायफलच्या सामानाचं दुकान. सर्वेश त्यात भागीदार. रायफलीवर बसवायच्या स्कोपला परदेशातून मागणी आली की जयेश हात जोडून नाही म्हणायचा. दिसायला दुर्बीण, पण ती बंदुकीवर बसते. ताकदीची असली तर सरकारी यादीत येते, दिल्लीहून परवाना लागतो, तिकडे कोण वापरणार आणि कशासाठी याचा दाखला लागतो. एका नगासाठी एवढी उस्तवार कोण करणार? आणि दाखला आला तरी ती कोणावर रोखली जाईल, हे इथे बसून कसं कळणार?

सर्वेशला हे भित्रेपण वाटायचं. त्याने जयेशच्या नावाने, जयेशची खोटी सही ठोकून तीन स्कोप 'कॅमेऱ्याचं सामान' म्हणून परदेशी पाठवले. पार्सल विमानतळावर अडलं आणि सर्वेश करून सवरून नामानिराळा राहिला. केस जयेशवर झाली. त्याची शाळेतली नेमबाजीच्या कोचची नोकरी गेली. राज्याची पदकं आणणारा माणूस कळव्याच्या घरात टीव्हीसमोर बसून राहू लागला, टीव्ही बंद असला तरी. दुकान प्राप्तीच्या गळ्यात पडलं, आणि सर्वेशने घोडबंदर रोडला चकचकीत काचेचं दुकान थाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्राप्तीला एका परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला. सगळ्यात ताकदीचे पाच स्कोप हवेत, कागदपत्रं नकोत, पार्सलवर काहीही लिहा. असल्या मेलना ती एका ओळीत नकार द्यायची. या वेळी तिने सर्वेशचा नंबर देऊन कळवलं, याला उद्या सकाळी सकाळी मेसेज करा.

वेळ तिने विचार करून सांगितली होती. सर्वेश बोहनीच्या बाबतीत वेडा होता. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक तो तोटा सोसूनही परत पाठवायचा नाही, आणि हा तर दसरा. शस्त्रपूजेच्या दिवशी नव्या दुकानात आलेली लक्ष्मी तो कसला माघारी लावतोय!

दसऱ्याच्या दुपारी त्याचाच फोन आला. मिरवायचं होतं ना!

"वहिनी, तुम्ही सोडलेलं गिऱ्हाईक आपल्याकडे आलंय, त्यानेच सांगितलं. पाच पीस! बोला आता."

"मग पाठव की," प्राप्ती गोड आवाजात म्हणाली. "दसऱ्याची बोहनी परत लावतात काय?"

"परत कसली? परवाच पाठवून टाकतो. तुमचं घर पहिल्यापासून घाबरट."

घाबरट! तिने रागाने फोन ठेवला. माल निघाल्यावर कुठे कळवायचं हे ती नवऱ्याच्या केसपायी पुरतं शिकली होती. तिने कस्टमला कळवलं.

आठवडाभरात बाजारात बातमी आली, घोडबंदरचं पार्सल पकडलं. प्राप्तीने येताना श्रीखंड आणलं, जयेशच्या ताटात वाढलं, कारण मात्र सांगितलं नाही. कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मुलगी आली. हातात हिरवा चुडा, डोळे रडून सुजलेले.

"ताई, मी सान्वी. सर्वेशभाऊंचे नवे पार्टनर सलिल, त्यांची बायको. तुमच्या मिस्टरांवर अशीच केस झालेली ना? वकील कोण होते तुमचे?"

"वकील कशाला? पकडलं तर सर्वेशला ना?"

"नाही ओ. सगळे पेपर सलिलच्या नावावर आहेत. खोटी सही पण त्याचीच मारलीय. सर्वेशभाऊ बोलतात, मला तर काहीच माहीत नव्हतं. ताई, सलिल कालपासून आतमध्ये आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर प्राप्तीने स्वतः वळून दिला होता. सर्वेश आयुष्यात कधी स्वतःच्या नावाने सही करणार नाही, हे ठाण्यात कोणाला कळायला हवं होतं, तर ते तिला. सूडापायी नेमकं तेवढंच तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली. सर्वेशचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही, उलट आता तो दोघींच्या वाटचा झाला.

तिने पर्स घेतली आणि शटर खाली ओढलं.

"वकील वाटेत गाठू. आधी चल, जबाब द्यायचाय. सर्वेश मला स्वतः बोललाय, मीच पाठवतो म्हणून."

"पण तुम्हाला कशाला बोलले ते?"

"कारण ते गिऱ्हाईक मीच त्याच्याकडे धाडलं. पकडून पण मीच दिलं."

सान्वी दोन पावलं मागे सरली. "म्हणजे... तुम्ही?"

"हो, मी. तुला मारायचं असेल तर मार, पण रिक्षात बसल्यावर. माझं काय व्हायचं ते होऊ दे, या वेळी त्याला सोडत नाही."