साडूची सायकल

मल्हारी गायखे सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि मखमलाबादहून रोज सायकलीनं जायचा. पण त्याचं नाव झालं ते लेथमुळे नाही, शर्यतीमुळे. दरवर्षी डिसेंबरात नाशिकच्या दिंडोरी नाक्यावरून सायकलस्वार सुटायचे, दिंडोरी, वणी करत डोंगर चढून हातगडाच्या पायथ्याला शिवायचे आणि त्याच रस्त्यानं परत यायचे. दीडशे किलोमीटर. निम्मे गडी वणीच्या पुढच्या चढावरच बसकण मारायचे. ही शर्यत मल्हारीनं चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर आणि शहात्तर अशी तीन वर्षं ओळीनं मारली होती.

देवळ्याला त्याची सासुरवाडी. सासरा पुंजा आहेर कांद्याचा शेतकरी, बोलायला मोकळा आणि आवाजानं मोठा. जावई आला की तो त्याला पारावर घेऊन जायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "हे आमचं रेसवालं जावई!" मल्हारी लाजल्यासारखं करायचा. पण त्या एका वाक्यासाठी तो एस.टी.चे तीन तास आनंदानं सोसायचा.

शहात्तरच्या उन्हाळ्यात धाकट्या मेहुणीचं, लताचं लग्न झालं. नवरा यादव, सुरगाण्याकडे बोरगावजवळच्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक. काटकुळा, चष्मेवाला, बोलणं हळू. मल्हारीला तो आवडला होता. त्याच्याशी बरोबरी करावी असं त्याच्यात काही नव्हतं, म्हणूनच आवडला असावा.

सत्त्याहत्तरच्या अधिक महिन्यात पुंजानं दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. मल्हारी आणि सगुणा एस.टी.नं उतरून घरी पोचले, तर ओट्याला एक काळी, जड, कॅरिअरवाली सायकल टेकवलेली. यादव पाय धूत होता आणि लता पदरानं कपाळ पुसत होती. पाड्यावरून दोघं डबलसीट आली होती, मधला सगळा डोंगर ओलांडून.

"अहो, चढावर मी उतरायचे," लता हसत म्हणाली.

"दोनदाच उतरली," यादव म्हणाला.

पुंजानं मांडीवर थाप मारली. "बघा गंमत! रेसवालं जावई यष्टीनं आलं, अन् मास्तर सायकलीवं! मास्तर, औंदा तुमीबी उतरा रेसमधी. लय मजा येईल!"

सगळे हसले, मल्हारीही हसला. पण ताटातला धोंडा त्यानं तसाच बाजूला सारला.

डिसेंबरात यादव खरंच आला. मल्हारीकडे मुंबईहून आणलेली वाकड्या हँडलची हलकी सायकल होती. यादवनं आपल्या सायकलीचं फक्त कॅरिअर काढलं होतं. वणीपर्यंत तो मागे कुठेतरी होता. चढ लागला आणि तो शेजारी आला, "दादा, पाणी आहे ना तुमच्याजवळ?" असं विचारून पुढे गेला. बोरगावात पाड्यावरचे लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. "आमचा मास्तर! आमचा मास्तर!" त्या आवाजातून मल्हारी एकटा गेला, त्याच्या नावानं कोणी हाक मारली नाही.

यादव पहिला, मल्हारी दुसरा. मध्ये चार मिनिटं.

ती चार मिनिटं मल्हारीच्या अंगात काट्यासारखी रुतली. त्यानं सायकलीची चेन बदलली, सीट बदललं, रात्रपाळी सोडून दिवसपाळी मागून घेतली. रोज पहाटे दिंडोरीपर्यंत जाऊन यायचा. जेवताना मध्येच म्हणायचा, "त्याला शाळा काय, चार पोरं. दिवसभर डोंगरातच हिंडतो. मग चढणारच." सगुणा ऐकून घ्यायची. पुढे लताला मुलगी झाली, बारशाचं बोलावणं आलं. मल्हारी म्हणाला, "जायचं नाही. मला सुट्टी नाही."

"मी एकटी जाते."

"नाही म्हटलं ना!"

सगुणानं बहिणीसाठी शिवलेली बाळाची झबली ट्रंकेत ठेवून दिली. त्या दिवसानंतर तिनं शर्यतीबद्दल एक शब्द विचारला नाही.

अठ्ठ्याहत्तरची शर्यत. या वेळी मल्हारी चढावर यादवला चिकटून राहिला. छाती फुटते की काय असं झालं, पण त्यानं मागचं चाक सोडलं नाही. हातगडाला दोघं बरोबरच पोचले. तिथं हातावर शिक्का मारून घ्यायचा, लिंबूपाणी प्यायचं आणि मागे फिरायचं. यादवनं सायकल दगडाला टेकवली होती. मल्हारीची नजर सहज खाली गेली आणि लेथवर बारा वर्षं काढलेल्या माणसाला दिसायचं ते दिसलं. मागच्या ब्रेकची सळई धरणारा नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. पुढचे ब्रेकरबर तर झिजून कागदासारखे झालेले. समोर वणीपर्यंतचा उतार, वळणावळणाचा.

"मास्तर, नट बघा," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात शिक्का मारणारा माणूस यादवला म्हणाला, "मास्तर, औंदा बी तुमचाच कप!"

मल्हारीनं मान वळवली.

"चला दादा," यादव म्हणाला.

"चला."

उतारावर मल्हारी सुटला. पहिली दोन वळणं मागे सायकलीचा आवाज होता, तिसऱ्यानंतर नव्हता. त्याला आनंद झाला. मग त्यानं मागे वळून पाहिलं, रस्ता रिकामा होता. थांबावं? मागे जावं? पण पाय फिरतच राहिले. लता डोळ्यांपुढे आली, तिची न पाहिलेली मुलगी आली, आणि तरीही आतून कोणीतरी म्हणत होतं, आज मास्तर नाही, आज तू. वणी गेली, दिंडोरी गेली. नाक्यावर फीत छातीला लागली तेव्हा पुंजानं त्याला मिठी मारली. "वाघ हाय माझा जावई, वाघ!"

मल्हारी रस्त्याकडे बघत राहिला. दुसरा आला, तिसरा आला. त्यानं गळ्यातला हार काढून हातात धरला. पंचवीस मिनिटांनी पाचवा आला तो यादव. उजव्या पायातला कॅनव्हासचा बूट तळातून फाटला होता, टाच सोलून रक्त येत होतं. ब्रेक सुटल्यावर तो सगळा घाट पाय घासत उतरला होता. एका वळणावर तर तो बांधाला जाऊन धडकला होता.

मल्हारीचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच, स्वतःलाच शिसारी यावी असा, रागही आला. हा असा फाटक्या पायानं आला, आता सगळे त्याच्याभोवती जमणार. तसंच झालं.

गर्दी पांगल्यावर यादव लंगडत जवळ आला. "दादा, हातगडला तुम्ही माझ्या चाकाकडे पाहिलंत आणि एकदम मान फिरवलीत. तेव्हा मला कळलं नाही. नट पडला तेव्हा कळलं, तुम्ही काय पाहिलंत ते."

"मी काही पाहिलं नाही."

यादवनं चष्मा पुसला. "बरं," म्हणाला आणि गेला.

त्यानं कोणालाच सांगितलं नाही. मल्हारीनं महिनाभर वाट पाहिली. पुंजाचं पत्र आलं, त्यात कौतुकच होतं. यादव गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात तो पुन्हा पुढे निघून गेला, हे मल्हारीला सहन होईना. शर्यतीत हरवता येतं, या माणसाला कशात हरवायचं? शेवटी एका रविवारी त्यानं सगुणाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती थापायची थांबली, पण तिनं वर पाहिलं नाही.

"माझ्या बहिणीचं कुंकू होतं ते," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? तिला जाऊन सांगा."

तो सायकलीनंच पाड्यावर गेला. यादव अंगणात वह्या तपासत होता, लता मुलीला न्हाऊ घालत होती. मल्हारी उभ्यानंच बोलला, काही न लपवता. लता ऐकत राहिली. मग मुलीला टॉवेलात गुंडाळून उठली.

"दाजी, बारशाला ताईला येऊ दिलं नाहीत, ते मी गिळलं. हे नाही गिळणार." ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

यादव म्हणाला, "बसा. एवढ्या चढावरून आलात." मल्हारी बसला. दोघं पाणी प्याले.

लता दोन वर्षं त्याच्या घरी आली नाही. सगुणा मात्र दर सुट्टीत बहिणीकडे जायची, मल्हारीनं कधी अडवलं नाही.

एकोणऐंशीच्या शर्यतीत यादव पुन्हा पहिला आला आणि मल्हारी पुन्हा दुसरा. या वेळी मध्ये सात मिनिटं. मल्हारी नाक्यावर सायकलीला टेकून धापा टाकत होता. पुंजा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काय जावईबापू, कसं वाटतंय?"

"जळतंय मामा," मल्हारी म्हणाला. "आत लय जळतंय."

पुंजाला वाटलं, धाप लागून छाती जळतेय म्हणतोय. तो खदखदून हसला. यादव हसला नाही. त्यानं आपल्या गळ्यातला हार बाजूला सारला, पाण्याचा तांब्या उचलला आणि मल्हारीच्या ओंजळीत पाणी ओतू लागला.