हरवलेली राजकन्या

धुळ्याच्या प्रज्ञानं ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती. त्यात किल्ल्यावर पाणी भरणारी पोरगी आणि तरणा सरदार एकमेकांच्या प्रेमात पडतात. जळगावचे प्रकाशक भूपेंद्रभाऊ फोनवर पुन्हा तेच दळण दळत होते.

"ताई, वाचकांना हे पचणार नाही. शेवटी ती हरवलेली राजकन्या निघू द्या की!"

"का म्हणून?" प्रज्ञाचं डोकं सणकलं.

"जोडी बरोबरीची नको?"

तिनं फोन आपटला आणि तणतणत शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात म्हातारी दाई सगळ्यांसमोर कबूल करते, की सरदाराला तिनंच पाळण्यात बदललं होतं. तो घोड्यांची लीद काढणाऱ्याचा पोरगा आहे.

प्रकरण पाठवताना तिनं खाली एवढंच लिहिलं, "भाऊ, घ्या, केली बरोबरी."