फळ्यांच्या आडचे खांब

मी एक जुना लाकडी धक्का आहे, मित्रांनो. साठ वर्षं माझे पाय नदीत आहेत. सुतारांनी बारा जाड खांब गाळात ठोकले, वर चालायला लाकडी पट्ट्या जोडल्या आणि दुसऱ्याच दिवशी फेरीबोट येऊन धाडकन आपटली. असं माझं स्वागत!

नावाडीकाका हुशार. त्यांनी खांबांना बाहेरून हलक्या लाकडाच्या जाड फळ्या ठोकल्या. बोटीचा मार फळ्यांनी खायचा, खांबांनी नाही. वर्षभरात त्या सडायच्या, काका नव्या लावायचे. शाळेची मुलं, दवाखान्यातल्या बाई, हटून बसलेली एक शेळीसुद्धा माझ्यावरून गेली. काय रुबाब होता माझा!

मग वरच्या अंगाला पूल झाला. गर्दी तिकडे वळली. काका थकले आणि त्यांची लेक बोट चालवू लागली. फळ्यांचं मात्र आज करू, उद्या करू असं होत आठ वर्षं गेली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी बाहेरूनच स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"खांब कुजलेत. धक्का पाडावा लागेल. फेरी बंद."

लेकीचा चेहरा पडला. तिचं घर या बोटीवर चालतं.

तेवढ्यात काका काठी टेकत आले. "अहो साहेब, तुम्ही कोट टोचलात. माणूस आत आहे!"

लेकीने पहार घातली. फळी कर्रकन निघाली. खरं सांगतो, आत काय उरलंय ते मलाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी पुन्हा टोचलं, टोकसुद्धा शिरेना. एकेक करत अकरा खांब ठणठणीत निघाले. हुश्श! बाराव्यात मात्र टोक बोटभर रुतलं.

"एवढं दुरुस्त होईल," साहेब म्हणाले. "पण अजून दोन वर्षं गेली असती, तर माझंच म्हणणं खरं झालं असतं."

लेक हसली आणि रडलीही. काका म्हणाले, "रडतेस काय? हातोडी आण."

आज मी नव्या फळ्या मिरवतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्या वाटचा मार मुकाट्याने खात असेल. त्यांच्याकडे वेळेवर बघा. आठ वर्षं थांबू नका.